एकशे आठ अभंग आणि एक स्कॉटिश पाद्री

शिर्डीत पहाटेच्या काकड आरतीला रांगेत उभं राहिलं की पुढच्या माणसाच्या हातात बहुधा एक छोटी पुस्तिका असते. गेल्या खेपेला माझ्यापुढे विजयवाड्याकडचं एक कुटुंब होतं. आजी, सून आणि पेंगुळलेली दोन मुलं. पुस्तिका तेलुगू लिपीतली. मी मान लांब करून डोकावलो, पण त्या गोलगोल अक्षरांतलं एकही मला लागेना. मग आरती सुरू झाली आणि आजीबाईंच्या तोंडून थेट तुकोबा बाहेर पडले. 'च' जरा जास्तच टाळूला चिकटलेला, 'ळ' मात्र आमच्या शहरी मराठीपेक्षा ठसठशीत. त्यांना मराठी येत नव्हतं, हे चहाच्या टपरीवर कळलं. येत होती ती फक्त आरती.

शिर्डीच्या आरत्यांचा हा संग्रह कृष्णाजी जागेश्वर भीष्म यांनी साईबाबांच्या हयातीत जुळवला. धाटणी पंढरपूरची. त्यात तुकोबा आहेत, नामदेव आहेत, जनाबाई आहेत आणि बाबांवर त्या काळात झालेल्या नव्या रचनाही आहेत. शिर्डीला लोटणाऱ्या गर्दीतल्या किती तरी जणांना मराठी कळत नाही, तरी गाताना ते मराठीच गातात. अर्थ मागे राहिला आणि नाद तेवढा दक्षिणेत गेला.

शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं याच्या बरोबर उलट खटाटोप केला. अभंगातला मराठी नाद बाजूला ठेवून त्यानं अर्थ उचलला आणि तो आपल्या गावाकडच्या चालीत बसवला. त्याचं गाव होतं स्कॉटलंडमध्ये, आणि पुस्तकाचं नाव 'साम्स ऑफ मराठा सेंट्स'. साल १९१९. मुखपृष्ठावरच लिहिलं होतं की आत मराठीतून उतरवलेली एकशे आठ स्तोत्रं आहेत. शंभर नव्हेत, दीडशेही नव्हेत. दावीदाची स्तोत्रं दीडशे आहेत, हे त्या पाद्र्याला पाळण्यापासून ठाऊक असणार. तरी त्यानं आपल्या जपमाळेचे मणी मोजले.

निकोल मॅकनिकल यांचा जन्म १८७० सालचा, शिक्षण ग्लासगोचं. स्कॉटिश मिशनतर्फे ते मुंबईला आले, विल्सन कॉलेजात शिकवू लागले आणि पुढे त्यांचा बहुतेक काळ पुण्यात गेला. कवी म्हणून त्यांना कुणी ओळखत नाही. स्वतःच्या कवितांचं पुस्तक काढून मिरवावं असला त्यांचा पिंड नव्हता. पण एकशे आठ अभंग यमकात आणि वृत्तात बसवणाऱ्याला कवी म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं? पत्नी मार्गारेट याही त्याच वाटेच्या. भारतीय स्त्रियांच्या कवितांचा त्यांनी संपादित केलेला इंग्रजी संग्रह १९२३ साली निघाला. तो आणि नवऱ्याचे अभंग, दोन्ही पुस्तकं 'हेरिटेज ऑफ इंडिया' या एकाच मालेतली. त्या मालेच्या संपादकांपैकी फर्क्युहर हेही स्कॉटिशच, अ‍ॅबर्डीनचे. दुसरे संपादक बिशप अझरय्या, दक्षिणेतले.

स्कॉटिश माणसांचं मराठीशी नातं मॅकनिकलांच्या आधीपासूनच जुनं होतं. ग्रँट डफनं मराठ्यांची बखर इंग्रजीत लिहिली, ती आपण भांडत भांडत का होईना, अजून वाचतो. जॉन स्टीव्हन्सननं मराठीचं व्याकरण लिहिलं. अ‍ॅबर्डीनचेच जॉन मरे मिचेल १८३८ साली मुंबईला आले आणि १८४९ साली त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तुकारामांची गोष्ट मराठीवरून इंग्रजीत आणली. पुढे सर अलेक्झांडर ग्रँट आले. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य, मग शिक्षणखात्याचे प्रमुख. तुकोबांवर १८६७ साली त्यांनी एका विलायती मासिकात लेख लिहिला. सरकारनं चोवीस हजार रुपये देऊन गाथा छापवली, त्यामागेही त्यांचं वजन होतं. इंदुप्रकाश छापखान्यातून तिचा पहिला खंड १८६९ साली बाहेर पडला. तोवर ग्रँटसाहेब एडिंबरा विद्यापीठाचे प्रमुख होऊन मायदेशी परतलेसुद्धा होते. त्या छापील गाथेवरून नेल्सन फ्रेझर आणि का. बा. मराठे यांनी १९०९ ते १९१५ या काळात तुकोबांचे तीन जाडजूड इंग्रजी खंड काढले. ते गद्यात आहेत. अर्थ चोख, पण गाता येत नाही.

मॅकनिकलांना गायचं होतं. हे त्यांना का सुचलं, ते कळायला स्कॉटलंडच्या देवळात डोकवावं लागतं.

तिथल्या प्रेस्बिटेरियन पंथात कित्येक मंडळ्यांनी ऑर्गन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उंबऱ्याबाहेरच ठेवला होता. देवळात वाद्य नाही, मूर्ती नाही, रंगीत झूल नाही. होती ती फक्त दावीदाची स्तोत्रं, तीही १६५० साली पद्यात घोटून मान्य केलेली. एक म्होरक्या उभा राहून ओळ उचलायचा आणि सगळी मंडळी ती मागून ओढायची. गावोगावच्या ज्या लोकांना वाचता येत नसे, तेही अशा गाण्यानं अख्खं स्तोत्र पाठ करत. आपल्याकडे विणेकरी चरण सोडतो आणि टाळकरी तो झेलतात, ते ज्यानं पाहिलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. टाळ-मृदंग तेवढे वजा करायचे.

आणि ते वृत्त! बहुतेक स्तोत्रांची एकच चौकट. पहिल्या ओळीत आठ अक्षरं, दुसरीत सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा. दुसरी आणि चौथी ओळ यमकात. चौकट एकच असल्यामुळे कुठलीही चाल कुठल्याही स्तोत्राला चालते. स्कॉटलंडमध्ये स्तोत्रांची अशी पुस्तकं असत की प्रत्येक पान मधोमध आडवं कापलेलं. वरच्या अर्ध्यात स्वरलिपी, खालच्या अर्ध्यात शब्द. वरचं अर्धं उलटून चाल बदलायची, खालचं अर्धं उलटून स्तोत्र बदलायचं. आज ही चाल या शब्दांना, उद्या तीच चाल त्या शब्दांना. वारकऱ्याला असलं कापलेलं पुस्तक लागत नाही, कारण त्याचं डोकंच तसं कापलेलं असतं. एकच अभंग तो सकाळी एका चालीत म्हणतो आणि रात्री दुसऱ्या.

अभंगाचा हिशोबही अक्षरांचाच. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. बावीस अक्षरांत चौक संपतो. ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नाही. एखादं अक्षर कमी-जास्त झालं तर गाणारा ओढून किंवा दाबून घेतो. तेव्हा पुण्यात कुठल्या तरी रात्री कुणाच्या ओसरीवरचं भजन कानावर पडलं असेल आणि या माणसाला आपल्या देवळाची आठवण झाली असेल, तर नवल नाही. हा माझा तर्क आहे. पण पुस्तकाच्या नावातला 'साम्स' हा शब्द त्या तर्काला बळ देतो. 'साम' म्हणजे दावीदाचं स्तोत्र. पवित्र शास्त्राच्या मध्यभागी असलेली गोष्ट. तो शब्द देहूच्या वाण्याला आणि नामदेव शिंप्याच्या घरातल्या दासीला लावणं हे एका मिशनऱ्याला सोपं गेलं नसणार.

पुस्तकात ज्ञानेश्वर आहेत, मुक्ताबाई, नामदेव, जनाबाई आणि एकनाथ आहेत. सगळ्यांत मोठा वाटा अर्थातच तुकोबांचा. जिथे जावं तिथे हात धरून चालवणाऱ्या सोबत्याचा तुकोबांचा अभंग मॅकनिकलांच्या इंग्रजीत आला, तेव्हा तो ऐकणाऱ्या स्कॉटिश कानाला मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र आठवल्याशिवाय राहिलं नसेल. पाण्याबाहेर तडफडणारी मासोळी आहे, सासरी निघताना माहेराकडे वळून वळून पाहणारी लेक आहे. मॅकनिकलांचा हात अशा आर्त अभंगांकडे वळतो. दांभिकांना झोडपणारे, फटकळ, कधी कधी शिवराळ तुकोबा इथे जवळपास दिसत नाहीत. पाद्र्यानं आपल्या देवळात बसतील असेच तुकोबा निवडले, ही तक्रार मला मान्य आहे.

यमकाचा जाचही आहे. अभंगाचा चौथा चरण तोकडा असतो. चाल तिथे एक पायरी चुकल्यासारखी होते आणि ती मोकळी जागा मृदंग भरून काढतो. इंग्रजीत ओळी समसमान चालल्या की ती चुकलेली पायरी बुजून जाते. शब्दही देवळातले, जुन्या वळणाचे. पुढे दिलीप चित्र्यांनी तुकोबा इंग्रजीत नेले ते यमक झुगारून, आणि १९९१ सालच्या त्या पुस्तकाला नाव दिलं 'सेज तुका', म्हणजे साधं 'तुका म्हणे'. तो तुकोबा रस्त्यावरचा आहे. वाचायला मला चित्रेच लागतात. पण चार माणसांनी एकत्र बसून गायचं ठरवलं, तर चित्र्यांचा तुकोबा गाता येणार नाही आणि मॅकनिकलांचा येईल.

आता रेल्वेचा नकाशा समोर घ्या. पुण्याहून नगरला आगगाडीनं निघालं की वाटेत केडगाव लागतं, मग दौंड. दौंडहून गाडी उत्तरेला वळते. हा दौंड–मनमाड फाटा १८७८ सालचा. अकोळनेर, नगर, राहुरी, पुणतांबा, कोपरगाव. कोपरगावला उतरून टांग्यानं शिर्डी. आज शिर्डीला स्वतःचं स्टेशन आहे, विमानतळ आहे. तेव्हा बाबांकडे येणारा मुंबईकर कोपरगाव नाही तर चितळीच्या फलाटावर उतरायचा. या एका फाट्याच्या आजूबाजूला तीस-चाळीस वर्षांत भाषांतराचा जो उद्योग चालला, तेवढा मराठी मुलखात दुसरीकडे क्वचितच चालला असेल.

केडगावात पंडिता रमाबाई बसल्या होत्या. मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अख्खं बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणायला घेतलं. खेड्यातल्या बाईला कळावं असं साधं मराठी हवं, हा त्यांचा हट्ट. खिळे जुळवायला आणि छापायला तिथल्याच बायका. काम संपलं आणि १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. त्यांचं इंग्रजी चरित्र चार वर्षांनी निघालं. लेखक निकोल मॅकनिकल.

नगरला नारायण वामन टिळक होते.

टिळकांची गोष्ट आगगाडीतच सुरू होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला, गप्पा रंगल्या, आणि उतरताना त्यानं नव्या कराराची एक प्रत हातावर ठेवली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं तो म्हणाल्याचं सांगतात. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. घरात जो हाहाकार उडाला तो लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलाय. तो त्यांच्याच तोंडून ऐकावा. त्यावर कुणी भाष्य करण्यात अर्थ नाही. पुढे टिळकांचा संसार नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या आसऱ्यानं उभा राहिला. हे मिशन १८३१ सालापासून नगरात होतं. काही वर्षं टिळकांचा मुक्काम राहुरीला होता. नगरच्या घरात बालकवी ठोंबरे येऊन राहिले, तेही याच संसारात.

टिळकांचं दुखणं हे की मराठी ख्रिस्ती मंडळी देवळात गायची ती विलायती चालींवर, ओढून-ताणून मराठी केलेली गाणी. इंग्रजी वृत्ताच्या मापाचा कोट मराठी शब्दांना चढवलेला. बाही कुठे लोंबते, बटण कुठे लागत नाही. टिळकांनी अभंग घेतला, ओवी घेतली, कीर्तन घेतलं. 'अभंगांजली' झाली. 'ख्रिस्तायन' सुरू झालं, ते टिळकांच्या हातून सुरुवातीच्या काही अध्यायांपर्यंतच पोचलं आणि उरलेला डोंगर लक्ष्मीबाईंनी उपसला. लहानपणी अक्षराची ओळखही नसलेल्या बाईंनी. आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकोबांच्या वाटेनं, असं टिळक मोकळेपणी सांगत. तुकोबांशी भांडून ख्रिस्ती होणं त्यांना जमण्यासारखं नव्हतंच.

आणि इथे मॅकनिकल पुन्हा गोष्टीत येतात. त्यांनी टिळकांच्या कविता इंग्रजीत नेल्या. त्यातली एक, गुरूच्या शाळेत बसायला आपण नालायक असं म्हणणाऱ्या शिष्याची, विलायतेतल्या स्तोत्रसंग्रहांत जाऊन बसली. खाली दोन नावं छापलेली: टिळक आणि मॅकनिकल. म्हणजे बघा, पॅलेस्टाईनमधला ख्रिस्त इंग्रजीतून मराठीत आला, मराठीत त्यानं देहू-पंढरीचा वेश केला, आणि त्या वेशात तो एका स्कॉटिश माणसाचा हात धरून परत इंग्रजी देवळात गेला. मिशनला ही मंडळी आपल्याकडे आणायची होती. पण इथल्या एका कवीचं गाणं त्यांच्याच चर्चमध्ये पोचलं, हा हिशोब मिशनच्या वार्षिक अहवालात कुठल्या रकान्यात मांडायचा?

टिळक ९ मे १९१९ला मुंबईत गेले. ज्या साली 'साम्स ऑफ मराठा सेंट्स' निघालं, त्याच साली. बालकवी त्याच्या वर्षभर आधी, ५ मे १९१८ला, भादली स्टेशनजवळ रुळांवर गेले. आणि त्या दोन मरणांच्या मधे, १५ ऑक्टोबर १९१८च्या विजयादशमीला, शिर्डीच्या मशिदीत साईबाबांनी देह ठेवला.

टिळकांची राहुरी आणि संतचरित्रकार महीपतींचं ताहराबाद एकाच तालुक्यात. महीपती गावचे कुलकर्णी. कथा अशी की पूजेला बसले असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला. महीपती उठून गेले, काम केलं, परत येऊन कानावरची लेखणी देवापुढे ठेवली आणि यापुढे ही चाकरीला लावणार नाही अशी शपथ घेतली. मग त्याच लेखणीनं १७६२ साली 'भक्तविजय' आणि १७७४ साली 'भक्तलीलामृत' लिहिलं. ताहराबादकर हेही एका अर्थानं भाषांतरकारच. उत्तरेतल्या नाभाजींच्या हिंदी 'भक्तमाला'चं ऋण ते स्वतःच कबूल करतात. महीपतींना इंग्रजीत नेणारे भेटले ते मात्र स्कॉटिश नव्हेत, अमेरिकन: जस्टिन अ‍ॅबट, जोडीला नरहर गोडबोले. अ‍ॅबट १९३२ साली वारले, आणि त्यांचा 'भक्तविजय' त्यांच्यामागे छापला गेला.

आणि ज्याला लोक 'आधुनिक महीपती' म्हणू लागले, तो माणूस दौंड–नगरच्या मधल्या अकोळनेरला जन्मला, १८६८ साली. गणपत दत्तात्रेय सहस्रबुद्धे, म्हणजे दासगणू. हा पोलिसात शिपाई. लावण्या रचायचा, तमाशात रमायचा. डेप्युटी कलेक्टर नानासाहेब चांदोरकरांच्या पाठोपाठ शिर्डीला आला तोही हुकमाचा ताबेदार म्हणून. बाबांनी आधी त्याची लावणी सुटवली आणि मग नोकरी. महीपतींनी कानावरची लेखणी उतरवली. गणपतरावांनी अंगावरचा डगला. नंतर कीर्तनाला ते अंगरखा-उपरणं-फेटा चढवून निघाले तेव्हा बाबांनी तेही उतरवायला लावलं, नारदाला कुठे होता फेटा म्हणून. तेव्हापासून उघड्या अंगानं, हातात चिपळ्या. त्यांनीही संतचरित्रं ओवीत लिहिली. एकाचं नाव तर महीपतींचंच, भक्तलीलामृत. शिर्डीला पंढरपूर मानणारी त्यांची रचना आजही आरतीत म्हटली जाते.

दासगणूंच्या भाषांतराची गोष्ट साईचरित्रात आहे, आणि मला ती सगळ्या चमत्कारांपेक्षा आवडते, कारण तिच्यात चमत्कार जवळपास नाहीच. ईशावास्य उपनिषद मराठी ओवीत आणायला त्यांनी घेतलं. संस्कृत येत होतं, ओवी तर हातचा मळ. तरी पहिल्याच मंत्रापाशी गाडं अडलं. सोडून देऊन भोगावं, हे काय? सोडलं तर भोगायचं काय आणि भोगलं तर सोडलं कसं? शब्दाला शब्द ठेवता येत होता, पण त्याखाली काही उभं राहत नव्हतं. पंडितांना विचारलं, समाधान नाही. मग बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, काकांच्या पार्ल्याच्या घरची मोलकरीण सांगेल.

काका म्हणजे हरी सीताराम दीक्षित, मुंबईचे सॉलिसिटर. लोक हसले. दासगणू मात्र पार्ल्याला जाऊन राहिले. पहाटे जाग आली ती गाण्यानं. आठेक वर्षांची पोर भांडी घासत होती, अंगावर फाटकं नेसू, आणि गात होती एका नारिंगी साडीबद्दल. तिचा पदर कसा, काठ कसे. दासगणूंना राहवलं नाही. त्यांनी प्रधान नावाच्या गृहस्थांकडून तिला नवं लुगडं देववलं. दुसऱ्या दिवशी पोर ते नेसून आली, फुगड्या घातल्या, मैत्रिणींत मिरवली. तिसऱ्या दिवशी लुगडं पेटीत आणि अंगावर पुन्हा तेच फाटकं. तोंडावरचा आनंद मात्र कालचाच. नसलेली साडी, असलेली साडी, असून बाजूला ठेवलेली साडी. दासगणूंची ओवी मोकळी झाली.

मॅकनिकलांच्या पुस्तकात शिर्डी नाही. त्यांची माळ तुकोबांपाशी संपते. टिळकांच्या राहुरीतून त्याच फाट्यावर काही स्टेशनं पुढे गेलं की कोपरगाव. तरी ही दोन वर्तुळं एकमेकांना लागलेली दिसत नाहीत. एकीकडे बायबल, कीर्तनं आणि मिशनच्या शाळा. दुसरीकडे धुनी, उदी आणि जुनी मशीद. दोन्हीकडे मुद्दा तोच: दुसऱ्या भाषेतलं देवाचं बोलणं आपल्या माणसाच्या तोंडी कसं बसवायचं. आणि दोन्हीकडे अखेर ओवी-अभंगाचाच आधार.

हे सगळं नेवाशापासून चाललेलं आहे, हे नगरी माणूस सांगितल्याशिवाय सोडणार नाही, तेव्हा मीही सोडत नाही. शके १२१२, म्हणजे १२९० साली, प्रवरेकाठी खांबाला टेकून एका पोरसवदा मुलानं गीता संस्कृतातून मराठीत आणली. तो खांब अजून आहे.

मॅकनिकल पुढे मोठे झाले. नॅशनल ख्रिश्चन कौन्सिलचं काम त्यांनी केलं, ऑक्सफर्डला व्याख्यानं दिली, त्यांचं 'द लिव्हिंग रिलिजन्स ऑफ द इंडियन पीपल' हे पुस्तक १९३४ साली झालं. त्याआधी, १९१५ साली, 'इंडियन थीइझम' लिहिलं होतं. त्यात ते पाद्रीपण लपवत नाहीत. इथल्या भक्तीला ते मोजतात ते ख्रिस्ती मापानं, आणि मग ती मापात कुठे तरी कमी भरतेच. गंमत अशी की गद्यात ज्या माणसाला वारकऱ्यांत उणीव दिसते, त्यालाच पद्यात ती सापडत नाही. अभंग उतरवताना तराजू खाली ठेवावा लागतो. दोन्ही हात यमकात गुंतलेले असतात. १९३८ साली 'एव्हरीमन' मालेत त्यांनी हिंदू धर्मग्रंथांचा एक खंड संपादित केला, रवींद्रनाथांची प्रस्तावना घेऊन. त्यात ऋग्वेदातली सूक्तं, पाच उपनिषदं आणि गीता. अभंग एकही नाही. ग्रंथ वेगळे आणि गाणी वेगळी, असा कदाचित त्यांचा हिशोब असेल. १९५२ साली ते गेले. आमच्या विद्यापीठांत त्यांचं नाव तुकोबांवरच्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत येतं, तेवढंच.

शिर्डीलाही पुढे आपला इंग्रजी भाषांतरकार मिळाला. दाभोळकरांचं 'साईसच्चरित', त्रेपन्न अध्यायांचं आणि नऊ हजारांवर ओव्यांचं, नागेश वासुदेव गुणाजींनी आटोपशीर इंग्रजी गद्यात आणलं, १९४४ साली. मराठी न येणाऱ्या भक्तांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. गुणाजींनी ओवी सोडली आणि गोष्ट धरली, हे शहाणपणाचं झालं. आरत्यांचं असं भाषांतर करून त्या गाव्यात, हे मात्र शिर्डीत कुणाला सुचलं नाही. लिपी बदलली, शब्द तेच ठेवले.

त्या सकाळी टपरीवर आजीबाईंनी मला एकच प्रश्न विचारला. सून दुभाषी. आरती पाठ आहे, सांजेची, दुपारची, शेजेची, सगळ्या. पण पहाटेच्या आरतीला काकड का म्हणतात? काकड म्हणजे काय?

मी हिंदीत सुरुवात केली. बत्ती. आजीबाईंनी मान हलवली, बत्ती म्हणजे वात, ती तर निरांजनात असते. मशाल म्हणालो, तर नातू हसला. जाड वात, कापडाची, तुपात बुडवलेली, देवाला उठवायला पेटवतात, वगैरे. सून भाषांतर करत होती. आजींच्या तोंडावर काही उमटत नव्हतं. शेवटी मी खिशातला रुमाल काढला, टेबलावर पसरला, एका कोपऱ्यापासून घट्ट वळत नेला, मधोमध दुमडून पीळ दिला आणि बशीत आडवा ठेवला. टपरीवाला म्हणाला, अहो, बशी चहाची आहे.

आजीबाईंनी रुमालाचा पीळ उचलून पाहिला, सैल वाटला म्हणून आणखी दोन वेढे दिले, आणि सुनेकडे वळून तेलुगूत काही तरी म्हणाल्या. सुनेनं त्याचं हिंदी केलं नाही.